कामगाराच्या शिक्षणाचा खर्च मालकाने का करावा? (आणि शिकून तो गेला तर?)

व्हर्नियर
मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतो. सांभाळून घ्या.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो. दोन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारी लेथ), तीन व्हीएमसी (प्रोग्रॅमवरच चालणारी मिलिंग मशिनं) आणि एक म्हातारं साधं लेथ जे विकायला मन होत नाही. मला धरून माणसं २२. दोन शिफ्ट.

व्हीएमसीवर एक पोरगा आहे, बीडकडचा, वय २३, आयटीआय मशिनिस्ट. परवा केबिनमध्ये आला, पाच मिनिटं नुसता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा. मला वाटलं उचल मागतोय. तर म्हणाला, सर डिप्लोमाला अॅडमिशन घ्यायचंय, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा आहे, आयटीआय झालंय म्हणून थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतंय. त्याचं मागणं दोन गोष्टींचं. अर्धी फी, आणि दोन वर्षं कायम फर्स्ट शिफ्ट.

आता माझी भानगड अशी की तीन वर्षांपूर्वी मी हौसेने दोन पोरांना कॅड-कॅमचा (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग आणि मशिनचे प्रोग्रॅम करायचा) कोर्स करायला पाठवलं होतं, फी सगळी माझी. त्यातला एक चार महिन्यांत चाकणला गेला, चार हजार जास्तीसाठी. जाताना पेढे पण देऊन गेला. बायको (अकाउंट तीच बघते) म्हणते दे पैसे, पोरगा चांगला आहे. पार्टनर म्हणजे माझा मेहुणा म्हणतो आपण काय धर्मशाळा उघडलीय का, शिकायचं तर स्वतःच्या पैशाने शिकेल.

तर प्रश्न सरळ आहे. धंदेवाल्याने माणसांच्या शिक्षणावर खर्च का करायचा? भावनेचं उत्तर नको, ते मला बायको देतेच आहे.

पोटभरू
मेहुण्याला पार्टनर केलंत तिथेच तुमचा शिक्षणाचा खर्च होऊन गेला की हो.

वागळे_इस्टेट
मी १४ वर्षं एचआरमध्ये आहे. सरळ सांगतो, फी द्या पण लिहून घ्या. कोर्स संपल्यापासून एका वर्षात सोडलं तर पूर्ण फी परत, दोन वर्षांत सोडलं तर अर्धी. सगळीकडे हेच चालतं. आणि तो सीएफओ-सीईओवाला व्हॉट्सअॅप फॉरवर्ड ('शिकवलं आणि सोडून गेले तर?' 'न शिकवता इथेच राहिले तर?') इथे कोणी टाकू नका, प्रत्येक ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाइडवर असतो, बघून बघून डोळे आलेत.

पोटभरू
मी टाकणारच होतो :(

कडूकारलं
बाँड कोर्टात टिकत नाही. करार कायदा १८७२, कलम २७. कोणाला धंदा-नोकरी करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल. एचआरवाले पोरांना घाबरवायला कागद करतात, बाकी काही नाही.

वागळे_इस्टेट
@कडूकारलं, अर्धंच वाचलंत. 'सोडल्यावर दुसरीकडे जायचं नाही' हे टिकत नाही, बरोबर. पण 'नोकरीत असेपर्यंतची किमान मुदत आणि ती मोडली तर ठरलेली वाजवी भरपाई' हे वेगळं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांचा बाँड आणि दोन लाखांची भरपाई मान्य केलीय. वाजवी पाहिजे एवढंच. तुम्ही १५ हजार खर्च करून दोन लाखांचा बाँड घेतलात तर कोर्ट तुम्हालाच विचारेल.

कडूकारलं
ठीक, ती केस वाचतो. पण माझा मूळ मुद्दा वेगळाच आहे. शिक्षण देणं हे सरकारचं काम. आपण टॅक्स भरतो तो कशासाठी? मालकाने वेळेवर पगार द्यावा, पीएफ भरावा, ओव्हरटाइमचे दुप्पट द्यावेत, एवढं केलं तरी पुष्कळ झालं. हे जमत नाही आणि 'आम्ही कामगारांना घडवतो' म्हणून फोटो काढायचे. अप्रेंटिस ठेवतात तेही स्वस्तात माणूस मिळतो म्हणून. वर्षभर झाडू मारून घेतात आणि सर्टिफिकेट हातात देतात.

अण्णा_सातपूर
कडूकारलं साहेब, झाडू मी पण मारलाय. १९७८ साली पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिस लागलो. पहिले सहा महिने फक्त फाईल. म्हणजे कानस हो, कागदाची नव्हे. लोखंडाचा ठोकळा द्यायचे, सहाही बाजू काटकोनात आणायच्या, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत कानस. माझा ठोकळा एवढा झिजला की इन्स्ट्रक्टर म्हणाला आता याची अंगठी करून घाल. रडू यायचं. पण पुढे ३६ वर्षं जे खाल्लं ते त्या ठोकळ्याचं खाल्लं.

तेव्हा कंपनीला वेड लागलं नव्हतं. बाजारात तयार टूलरूमवाला (साचे-हत्यारं बनवणारा कारागीर) मिळतच नव्हता, म्हणून त्यांनी घरात तयार केला. आमच्या बॅचमधले निम्मे दुसरीकडे गेले, काहींनी भोसरी-चिंचवडला स्वतःची शेड टाकली, आणि मग त्याच कंपनीला पार्ट पुरवायला लागले. गेलेला माणूस वाया गेला असं कसं म्हणायचं?

शब्दखूण
मी मुंबईत रात्रशाळेत शिकवते, १९ वर्षं झाली. मालकांच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही सांगते.

आमची शाळा साडेसहाला भरते. मुलं कॅन्टीनमध्ये, कुरिअरला, गॅरेजमध्ये, साड्यांच्या दुकानात काम करून येतात. एक मुलगा दहावीला होता, खानावळीत भांडी घासायचा. त्याची बोटं दिवसभर पाण्यात राहून सुरकुतलेली असायची, पेन धरलं की वहीच्या कडेला ओला ठसा उमटायचा. रोज पहिला तास बुडायचा, आणि माझा गणिताचा तास पहिला. त्याच्या मालकाला भेटायला गेले. माणूस वाईट नव्हता बरं का, वह्या-पुस्तकं त्यानेच घेऊन दिली होती. म्हणाला बाई मी कुठे अडवतो, फक्त संध्याकाळची कढई घासून जा म्हणतो. आता ती कढई सव्वासातला रिकामी होणार! मी म्हटलं तुमची पुस्तकं परत घ्या आणि अर्धा तास द्या. तो हसला, पण दुसऱ्या दिवसापासून कढई दुसऱ्याकडे गेली.

म्हणून @व्हर्नियर यांना सांगते, फी द्या न द्या, तो मुलगा कुठूनतरी उभी करेल. फर्स्ट शिफ्ट मात्र त्याला दुसरं कोणीच देऊ शकत नाही.

पोटभरू
ताई, गणिताचा तास बुडायचा हे तो मुलगा अजून कौतुकाने सांगत असेल.

शब्दखूण
त्याच कढईवाल्याकडे आता हिशेब बघतो तो. गणितात ५२ पडले होते.

नेकरकाठी
स्टुटगार्टहून. इकडची पद्धत थोडी सांगते कारण या विषयात जर्मनीचं नाव कोणीतरी घेणारच. इथे आउसबिल्डुंग म्हणजे कामावर राहून शिकणं, साधारण तीन-साडेतीन वर्षं. पोरगं आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत आणि बाकीचे दिवस कंपनीत. करार कंपनीशी, स्टायपेंड कंपनी देते, शाळेचा खर्च सरकारचा. आणि हे फक्त बॉश-मर्सिडीज करतात असं अजिबात नाही, आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला पण करतो, केस कापणारी पण करते. परीक्षा चेंबर ऑफ कॉमर्स किंवा कारागिरांचं चेंबर घेतं, त्यामुळे नुसता झाडू मारून घेतला तर परीक्षेत दिसतं, आणि परवानगी मालकाची जाते.

शिवाय आमच्या राज्यात नोकरदाराला वर्षाला पाच दिवस शिकण्यासाठी पगारी रजा मागता येते, २०१५ पासून. मी त्यात जर्मनचा कोर्स केला. शेजारच्या बायर्नमध्ये (बव्हेरिया) हा कायदा नाही, त्यावरून ऑफिसात रोज चिडवाचिडवी.

पण गुलाबी चित्र नको. इथेही छोटे मालक कुरकुरतात, की मी तयार करतो आणि मोठी कंपनी उचलून नेते. व्हर्नियरदादांचं दुखणं अगदी तेच. फरक एवढाच की इथे शेजारचाही तयार करतोय, त्यामुळे तुमचा त्याच्याकडे गेला तर त्याचा तुमच्याकडे येतो.

कडूकारलं
बघा, म्हणजे एकट्याने करून उपयोग नाही. भोसरीत एकटे व्हर्नियर शिकवणार आणि बाकीचे १०० शेडवाले गेटवर पाटी लावणार 'अनुभवी ऑपरेटर पाहिजे'.

सांगलीची_पेढी
आमचा हळदीचा व्यापार, तीन पिढ्या. आमच्याकडे कसलं ट्रेनिंग, पोतं उचलायचं आणि उतरवायचं. तरी एक किस्सा सांगतो. एका हमालाचा मुलगा बारावी करून दुकानात चिठ्ठ्या लिहायला बसला. वडिलांनी (माझ्या) त्याला मुक्त विद्यापीठाचा बीकॉमचा फॉर्म भरून दिला, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, नाशिकचं. १९८९ ला सुरू झालं तेव्हापासून आमच्या भागातल्या किती नोकरदारांना त्याने पदवी दिली असेल देव जाणे. हा पठ्ठ्या सौद्याच्या वेळी एका हातात पुस्तक आणि एका हातात हळकुंड. व्यापारी हसायचे.

मग २०१७ ला जीएसटी आला. बाजारात सगळे अडते डोक्याला हात लावून बसलेले, सीए फोन उचलत नव्हते. ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) आलं तेव्हा तर ट्रक पेठेतच उभे. आमचे ट्रक निघत होते कारण हा रात्री बसून स्वतः सगळं शिकला होता. त्याची तीन वर्षांची फी आणि आमचा एक ट्रक दोन दिवस अडकला असता तर झालेला खर्च, काय मोठं कोणी हिशेब करा. वडिलांनी मात्र असा कसलाच हिशेब केला नव्हता, त्यांना फक्त तो पोरगा आवडायचा.

व्हर्नियर
सगळ्यांचे आभार, वाचतोय. कामाची गडबड आहे, सविस्तर लिहितो.

सीएसआर_सम्राट
अहो एवढा विचार कशाला, सीएसआरमध्ये (कंपन्यांचा सामाजिक कामाचा खर्च) दाखवा. नफ्याचे दोन टक्के खर्च करायचेच असतात, शिक्षण त्यात बसतं.

तिळगूळ
@सीएसआर_सम्राट, नाही हो. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ कोणाला लागू? नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असणाऱ्या कंपन्यांना. व्हर्नियर यांचा नफा ५ कोटी असता तर ते इथे न विचारता मालदीवला असते. आणि मोठी कंपनी असली तरी स्वतःच्याच कामगारांवर केलेला खर्च सीएसआर म्हणून धरत नाहीत. बाहेरच्या शाळेला बाकं द्या, चालतं. आपल्या ऑपरेटरला डिप्लोमा द्या, तो साधा धंद्याचा खर्च.

पोटभरू
म्हणून गावोगावच्या शाळांत बाकांवर कंपनीचं नाव एवढं मोठं असतं की पोरांना वाटतं वर्गाचंच नाव ते.

तिळगूळ
:) मी बँकेत आहे. आमच्याकडे ही गोष्ट फार जुन्या काळापासून पगारातच बांधलेली आहे. बँकवाल्यांच्या दोन परीक्षा असतात, जेएआयआयबी पास झालात की एक इन्क्रिमेंट, सीएआयआयबी झालात की अजून दोन. भाषण नाही, मोटिवेशन नाही, पास व्हा आणि पगार घ्या. मी दोन मुलं लहान असताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुस्तक ठेवून केलं, पुस्तकावर अजून फोडणीचे डाग आहेत. बँकेने मला एक दिवसही सुट्टी दिली नव्हती, पण निकालानंतरच्या महिन्यात स्लिपवर आकडा बदलला. तो आकडा पाहून शेजारच्या काउंटरवरच्या दोघींनी फॉर्म भरला.

दुसरीपाळी
मी इथे फारसं लिहित नाही पण हा विषय माझा आहे म्हणून लिहितो. व्हर्नियर सर, तुमच्या त्या चाकणला गेलेल्या पोरासारखाच मी एक. वाळूजला होतो. कंपनीने पैसे भरून प्रोग्रॅमिंगचा कोर्स करायला लावला, दोन महिने, रविवार धरून. मी खूश. गावाला फोन करून सांगितलं.

कोर्स संपून आलो तर परत त्याच मशिनवर. तेच बटण. जॉब (म्हणजे कापायचा तुकडा) लाव, सायकल स्टार्ट दाब, जॉब काढ. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, ते सेटरचं (मशिन लावून देणाऱ्याचं) काम. पगार तोच. मी सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला कंपनीने एवढे पैसे खर्च केले, आता उपकार फेडा.

शॉपमध्ये भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेलं असतं बघा, प्रत्येकाच्या नावापुढे वर्तुळं आणि चार भाग, जेवढं येतं तेवढे भाग काळे करायचे. माझं वर्तुळ कोर्सच्या आधी अर्धं काळं होतं, कोर्सनंतर ऑडिटच्या आदल्या दिवशी कोणीतरी पेनाने पूर्ण काळं केलं. ऑडिटर आला, माझं सर्टिफिकेट फाईलमध्ये बघितलं, मान हलवली, चहा घेऊन गेला. त्याच फाईलमध्ये अशा ट्रेनिंगच्या पण सह्या होत्या जी कधी झालीच नाहीत, सही माझीच, जेवणाच्या सुट्टीत घेतलेली. दीड वर्ष थांबलो. मग सोडलं.

चार हजारासाठी सोडलं असं त्यांनीही सांगितलं असेल. पैसे हवेच असतात सर, खोटं कशाला बोलू. पण मला शिकलेलं वापरायला मिळालं असतं तर चार हजारासाठी मी भाड्याची खोली, मुलीची शाळा बदलून गेलो नसतो. शिकून आलेल्या माणसाला परत त्याच बटणावर उभं केलं की त्याला ते बटण जास्तच टोचतं.

अण्णा_सातपूर
वा रे पोरा. शंभर टक्के.

नेकरकाठी
हा प्रतिसाद धाग्याच्या वर नेऊन लावा कोणीतरी.

वागळे_इस्टेट
कबूल करतो, पेनाने वर्तुळं काळी करणाऱ्यांत मी पण होतो. आता करत नाही. (खरं सांगायचं तर आता एक्सेलमध्ये करतो.)

कडूकारलं
@दुसरीपाळी, हेच मी म्हणत होतो ना? मालक शिकवतो ते स्वतःच्या फाईलसाठी.

दुसरीपाळी
नाही सर, तसं नाही म्हणायचं मला. तो कोर्स केला म्हणूनच आज मी सेटर आहे. शिकवलं त्याचा राग नाही, राग पुढचा आहे.

व्हर्नियर
@दुसरीपाळी, तुमचं काल रात्री वाचलं आणि झोप आली नाही, खोटं नाही सांगत. तो माझा गेलेला पोरगा, त्याला मी कोर्सनंतर कुठे उभा केला होता ते आठवत बसलो. त्याच मशिनवर. का तर त्याच्या जागी दुसरा माणूस नव्हता आणि डिस्पॅच होतं. दुसरा जो राहिला त्यालाही मी प्रोग्रॅम करायला देत नाही, पेनड्राइव्हवर बाहेरून करून आणतो, सवयीने. पैसे मी खर्च केले आणि वापर शून्य. हा माझ्याच बाजूचा हिशेब मी कधी केला नव्हता.

आता आताच्या पोराबद्दल सांगतो, ते आधीच सांगायला हवं होतं. गेल्या दिवाळीच्या आधी रात्री आमचं एक व्हीएमसी आपटलं. फॅनुक कंट्रोल आहे, ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, आकड्यानंतर पॉइंट द्यावा लागतो. झेड (म्हणजे टूलची उंची) ५० लिहून पुढे टिंब दिलं तर ५० मिलिमीटर, टिंब विसरलात तर ५० मायक्रॉन. म्हणजे टूल वर उचललं गेलं असं आपल्याला वाटतं आणि ते असतं जॉबच्या अंगावर, केसाएवढ्या उंचीवर. ऑपरेटरने प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली, टिंब राहिलं, पुढची रॅपिड मूव्ह (टूल पूर्ण वेगाने सरकतं ती), टूल सरळ जॉब धरणाऱ्या क्लॅम्पवर. स्पिंडलची बेअरिंगं गेली. मशिन ११ दिवस बंद. बिलाचा आकडा सांगत नाही, या पोराच्या डिप्लोमाची दोन्ही वर्षांची फी त्यात चार वेळा बसली असती.

तेव्हा हा दुसऱ्या मशिनवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर हा बंद मशिनच्या स्क्रीनसमोर वही घेऊन बसलेला, अख्खा प्रोग्रॅम हाताने उतरवून घेतलेला आणि प्रत्येक टिंबाभोवती लाल गोल. जिथे टिंब नव्हतं तिथे मोठा गोल. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून रात्री मशिन चालू करायच्या आधी बाकीची पोरं त्याला हाक मारतात, 'टिंब बघ रे'. टोपणनावच पडलंय.

पोटभरू
अहो मग धागा कशाला काढलात? टिंबाला अॅडमिशन द्या!

सांगलीची_पेढी
हे असं असतं बघा, उत्तर आधीच खिशात असतं.

अण्णा_सातपूर
तुम्ही लोक जर्मनी जर्मनी करता म्हणून थोडं घरचं पण. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील आधी काय करत होते? सेल्समन. ओगल्यांच्या काचेच्या कारखान्याचा माल विकायचे, मग किर्लोस्करांचे नांगर. गावोगाव नांगर विकता विकता त्यांनी बघितलं की पोरांना शाळा नाही. १९१९ ला संस्था काढली. मधे साताऱ्याला कूपरांबरोबर नांगराच्या कारखान्यात पण होते, तिथे बिनसलं. 'कमवा आणि शिका' म्हणणारा माणूस हा असा कारखान्याच्या दारातून आलेला. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतः आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे, १९१० ला माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. मास्तर कारखानदार झाला आणि नांगर विकणारा शिक्षणमहर्षी झाला.

पोटभरू
आणि पुढे आमदार शिक्षणमहर्षी झाले.

कडूकारलं
हा हा, पहिल्यांदा पोटभरूशी सहमत. १९८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली आणि मग साखर कारखाना तिथे कॉलेज. धंद्याने शिक्षणाला आधार द्यायचा की शिक्षणाचाच धंदा करायचा, हे आपल्या महाराष्ट्राने नीट ठरवलंच नाही.

सांगलीची_पेढी
सगळ्यांना एका तराजूत नका तोलू. प्रवरानगरला आधी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि मग शाळा आल्या, आमच्या भागातल्या किती पोरांना जवळ कॉलेज मिळालं ते याच कारखान्यांमुळे. डोनेशनचं नंतरचं पाप वेगळं.

शब्दखूण
मुंबईत १९११ ला ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. ते ना मालक होते ना सरकार. आज रात्रशाळांची पटसंख्या टिकवताना आमच्या नाकी नऊ येतात, म्हणून

शब्दखूण
मागचं अर्धवट गेलं, मोबाईलवरून लिहितेय. एवढंच म्हणायचं होतं की ज्या दुकानदाराचं शटर सातला बंद होतं त्याने सहाला एका मुलाला सोडलं तर माझ्या वर्गात एक बाक भरतं.

संपादक
कारखाने-कॉलेजचं राजकारण दुसऱ्या धाग्यावर घ्या. इथे विषय भोसरीचा आहे.

वागळे_इस्टेट
कामाची माहिती: व्हर्नियर, तुमच्याकडे २२ माणसं म्हणजे अप्रेंटिस घेणं बंधनकारक नाही, ३० किंवा जास्त असतात त्यांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के घ्यावे लागतात. पण चार माणसांपासून पुढे ऐच्छिक आहे. घेतलेत तर स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिना १५०० पर्यंत, केंद्राच्या योजनेतून मिळू शकतो. टिंब फर्स्ट शिफ्टला कायम गेला की सेकंडला हात कमी पडेल तिथे विचार करा.

व्हर्नियर
तेच सांगायला आलो. फीचं ठरलं, अर्धी देतोय, लिहून पण घेतलं, वर्षभराचं, वागळे म्हणाले तसं वाजवी. पण खरी मारामारी शिफ्टवरून झाली. याला कायम फर्स्ट दिली तर बाकीच्या दोघांना सेकंड जास्त पडणार. ते दोघं आले, म्हणाले शिकणार हा आणि रात्री जागणार आम्ही? मला उत्तर सुचेना, कारण बरोबरच होतं त्यांचं.

शेवटी एकजण आपणहून म्हणाला मला कायम सेकंड द्या. विचारलं का, तर सकाळी तो दुधाची लाइन टाकतो, फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ती बायकोला टाकावी लागते, गाडीवरून, अंधारात. दोन वर्षं माझ्याकडे आहे, मला माहीतच नव्हतं. दुसऱ्याने अट घातली की टिंबाने शनिवारी एक तास त्याला प्रोग्रॅम वाचायला शिकवायचं. टिंब हो म्हणाला. आता शनिवारी शिफ्ट संपल्यावर जुन्या लेथच्या बेडवर वही ठेवून दोघं बसतात, आणि पहिल्याच शनिवारी तिसरा पण येऊन उभा राहिला.

आणि पेनड्राइव्हवर बाहेरून प्रोग्रॅम आणणं बंद केलं. पहिला प्रोग्रॅम राहिलेल्या कॅड-कॅमवाल्याने इथेच केला, सायकल टाइम (एक जॉब व्हायला लागणारा वेळ) दीड मिनिट जास्त आला. चालेल.

दुसरीपाळी
सर, पहिल्याच प्रोग्रॅमला दीड मिनिट म्हणजे फार नाही. टूलपाथमध्ये (टूलच्या वाटेत) नुसतं हवेत फिरण्याचा वेळ बघायला सांगा त्याला, तिथेच निघेल. लागलं तर मला मेसेज करा.

कडूकारलं
ओव्हरटाइम दुप्पट देता ना?

व्हर्नियर
@कडूकारलं, देतो हो. बायको अकाउंट बघते म्हटलं ना.

पोटभरू
आणि मेहुणा?

व्हर्नियर
मेहुण्याचं वेगळंच. काल हळूच मला विचारत होता, त्या संध्याकाळच्या कॉलेजमध्ये वयाची अट आहे का. त्याचा डिप्लोमा १९९८ साली थर्ड इयरला राहिलाय, दोन केटी होत्या, लग्नात सासऱ्यांना सांगितलं नव्हतं. सासरे म्हणजे माझे नव्हे, त्याचे. माझ्या बायकोलाही काल कळलं.

पोटभरू
फी देताना बाँड लिहून घ्या.

व्हर्नियर
तो सोडून जाईल याची भीती कोणाला आहे?